बंद होणाऱ्या कॉम्प्रेसरचे पहिले दोन सेकंद

बीड जिल्ह्यात तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही, नैसर्गिक वायूपासून खत बनविणारा प्रकल्प नाही, आणि म्हणून अशा ठिकाणी हजारो किलोवॅट शक्ती घेऊन फिरणारे वायूचे अवाढव्य अपकेंद्री कॉम्प्रेसरही येथे आढळत नाहीत. असे असले तरी या कॉम्प्रेसरांचा सर्वांत घातक समजला जाणारा दोष, ज्याला यंत्रशास्त्रात ‘सर्ज’ म्हणतात, तो ज्या नियमांनी घडतो ते नियम परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्रात चोवीस तास लागू असतात. कारण तेथील बॉयलरना हवा पुरविणारे प्रचंड पंखे आणि वायुवाहिनीवरचे कॉम्प्रेसर ही एकाच कुळातील यंत्रे होत. १९७१ मध्ये ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झालेल्या या केंद्रात १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले, आणि पुढे महानिर्मिती कंपनीच्या काळात २००७, २०१० व २०१६ मध्ये प्रत्येकी २५० मेगावॅटचे आणखी तीन संच आले. एवढ्या क्षमतेच्या संचाला साधारणपणे तीन जातींचे पंखे जोडीजोडीने लागतात: दळलेला कोळसा वाळवून भट्टीपर्यंत उडवत नेणारे प्राथमिक हवेचे पंखे (पीए फॅन), ज्वलनासाठी हवा ढकलणारे एफडी फॅन आणि जळालेला वायू धुराड्याकडे ओढून नेणारे आयडी फॅन. यांतला पीए फॅन हवेचा दाब सुमारे एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे एका बारच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका वाढवितो, तर वायुवाहिनीवरचा कॉम्प्रेसर तो दाब कित्येक बारने वाढवितो. फरक आकड्यांचा आहे, तत्त्वाचा नाही.

सर्ज कोणत्या यंत्रात होतो आणि कोणत्यात होत नाही, हे आधी स्पष्ट करून घेतले पाहिजे, कारण कॉम्प्रेसर हा शब्द दोन अगदी भिन्न जातींच्या यंत्रांना सरसकट लावला जातो. पहिल्या जातीचे कॉम्प्रेसर ठरावीक घनफळाचा वायू कोंडून घेतात आणि ती जागा आक्रसून त्याला दाबतात; पंक्चरच्या दुकानातला दट्ट्याचा कॉम्प्रेसर, सीएनजी पंपावर वायू दोनशे बारच्याही वर नेणारा बहुटप्पी कॉम्प्रेसर आणि मळसूत्री दात्यांचा स्क्रू कॉम्प्रेसर ही या जातीची उदाहरणे होत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल महिन्यात, परळीच्या विद्युत केंद्रातील ओझोन प्रक्रियेसाठीची ऑक्सिजन निर्मितीची यंत्रणा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे हलविण्यात आली. अशा यंत्रणांना हवा पुरविण्याचे काम सामान्यतः स्क्रू कॉम्प्रेसरच करतात. या जातीच्या यंत्राचा पुढचा मार्ग बंद झाला तर दाब वाढत जातो आणि सुरक्षा झडप उडते, परंतु सर्ज होत नाही, कारण कोंडलेल्या वायूला मागे वळण्याची वाटच नसते.

दुसऱ्या जातीत वायू कोठेही कोंडला जात नाही. अपकेंद्री कॉम्प्रेसरात वेगाने फिरणारे पातेदार चाक, म्हणजे इम्पेलर, वायूला परिघाकडे भिरकावून गती देते आणि पुढच्या रुंदावत जाणाऱ्या मार्गात ती गती कमी होऊन तिचे दाबात रूपांतर होते. अक्षीय कॉम्प्रेसरात किंवा पंख्यात हेच काम आसाच्या दिशेने, पात्यांच्या एकामागून एक रांगांमधून होते. या यंत्रांच्या प्रवेशद्वारापासून निकासद्वारापर्यंतचा मार्ग सदैव उघडा असतो, आणि कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जाणाऱ्या वायूला पुढे रेटून धरणारी गोष्ट फिरणाऱ्या पात्यांनी दिलेल्या गतीखेरीज दुसरी कोणतीही नसते. साहजिकच पात्यांवरून वायू सुरळीत वाहत आहे तोवरच यंत्राला दाबाचा भार पेलता येतो.

एका ठरावीक गतीने फिरणाऱ्या अशा यंत्रातून वाहणारा वायू हळूहळू कमी करत नेला, तर निकासाचा दाब आधी वाढत जातो आणि एका शिखराशी पोहोचतो. त्या शिखराच्या आसपास वायू पात्यांवर इतक्या तिरक्या कोनाने येऊ लागतो की तो पात्याच्या पाठीला चिकटून न वाहता सुटून भोवरे करू लागतो. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. प्रवाह त्याहीपेक्षा कमी झाला की यंत्राची दाब निर्माण करण्याची कुवत ढासळते, पुढच्या पाइपातील वायूचा दाब मात्र अजून तितकाच असतो, आणि मग काही शतांश सेकंदांत सारा प्रवाह उलट फिरून निकासाकडून प्रवेशाकडे धाव घेतो. पुढचा साठा थोडा रिकामा होऊन दाब उतरला की यंत्र पुन्हा पकड घेते, वायू पुन्हा पुढे वाहू लागतो, दाब पुन्हा चढतो आणि पुन्हा तोच उलटा फेरा येतो. अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंतच्या अंतराने धाडधाड आवाज करत चालणाऱ्या या आंदोलनाचे नाव सर्ज. वेगवेगळ्या गतींवरील ही शिखरे जोडली म्हणजे जी रेषा मिळते तिला सर्ज रेषा म्हणतात. तिच्या उजवीकडे, जास्त प्रवाहाच्या बाजूला, यंत्र स्थिर असते आणि डावीकडे ते स्थिर राहू शकत नाही.

विहिरीवरच्या पंपाची लाईट अचानक गेली की उंच चढलेल्या पाइपातील पाणी मागे फिरते, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटून बंद होतो, आणि तो नीट बसला नाही तर पंप उलटा फिरत राहून पाणी विहिरीत परत येते, हा बीडच्या बागायतदाराच्या परिचयाचा प्रकार आहे. बंद पडणाऱ्या कॉम्प्रेसरची पहिली हालचाल नेमकी हीच असते. पुढे मात्र साम्य संपते, कारण पाणी दाबले जात नाही आणि वायू दाबला जातो; पाइपात साठलेल्या वायूत केवळ वजनाची नव्हे तर संकोचनाची ऊर्जा असते, आणि म्हणून यंत्रात शक्ती शिल्लक असेल तोवर तो एकदाच परत येऊन थांबत नाही, पुनःपुन्हा येतो.

या साठ्याचे महत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे श्रेय अमेरिकी अभियंता एडवर्ड ग्राइट्झर याच्या १९७६ च्या संशोधनाला जाते. यंत्र अस्थिर झाल्यावर नुसताच फिरता स्टॉल होईल, म्हणजे पात्यांच्या वर्तुळात भोवऱ्यांचा एक पट्टा फिरत राहील, की सगळा प्रवाह उलटणारा सर्ज होईल, हे एका अंकावर ठरते असे त्याने दाखविले. त्या अंकात पात्यांची गती, वायूतील ध्वनीचा वेग आणि यंत्राच्या मार्गाच्या मानाने पुढच्या साठ्याचे घनफळ या गोष्टी येतात. साठा जेवढा मोठा आणि पात्यांची गती जेवढी जास्त, तेवढा सर्जचा संभव अधिक. निकासाकडे भरपूर मोठी टाकी किंवा लांब पाइप ठेवला तर दाबातील चढउतार सौम्य होऊन यंत्र सुरक्षित राहील, अशी जी समजूत सहज होते, ती या ठिकाणी पूर्णपणे उलटी ठरते.

सर्जमुळे होणारे नुकसान आवाजावरून वाटते त्यापेक्षा बारीक जागी होते. वायू पुढे वाहत असताना फिरणाऱ्या आसावर एका दिशेने जोर असतो आणि तो पेलण्यासाठी थ्रस्ट बेअरिंग बसविलेले असते. प्रवाह उलटताच तो जोरही उलटतो, आस मिलिमीटरच्या अंशाने पुढेमागे आपटतो आणि फिरत्या व स्थिर भागांमधील अत्यंत अरुंद फटी राखणारी लॅबिरिंथ सील्स घासून रुंदावतात. त्यातच तोच तो वायू पुनःपुन्हा दाबला गेल्याने यंत्राच्या आतील तापमान झपाट्याने चढते. अक्षीय यंत्रात लांब पाती कंपनाने थकून तुटण्याचा धोका सर्वांत मोठा, आणि एक पाते तुटले की ते मागच्या रांगा कापत जाते. एखाद्दुसऱ्या फेऱ्याने सुदृढ अपकेंद्री यंत्र बहुधा मोडत नाही. पण फटी रुंदावल्याने वर्षानुवर्षे जी कार्यक्षमता गळत राहते, तिचा हिशेब कोणत्याही बिघाडाच्या नोंदवहीत येत नाही.

यंत्र चालू असताना सर्ज टाळण्याचा उपाय सुपरिचित आहे. निकासाकडून प्रवेशाकडे जाणारी एक परतवाहिनी ठेवलेली असते आणि तिच्यावर अँटी-सर्ज व्हॉल्व्ह असतो; पुढच्या ग्राहकाने वायू कमी घेतला की हा व्हॉल्व्ह उघडून काही वायू फिरवून पुन्हा प्रवेशाशी आणला जातो, म्हणजे पुढे जाणारा वायू कमी असला तरी यंत्रातून जाणारा प्रवाह पुरेसा राहतो. सर्ज रेषेच्या उजवीकडे साधारण दहा टक्के अंतर सोडून एक नियंत्रण रेषा आखलेली असते आणि यंत्राचा कार्यबिंदू तिला टेकला की नियंत्रक व्हॉल्व्ह उघडू लागतो. फिरविलेला वायू दाबल्यामुळे तापलेला असतो, म्हणून तो शीतकातून थंड करूनच परत आणला जातो. चालू यंत्राच्या बाबतीत हे सारे काम विश्वासाने पार पडते. खरी कसोटी बंद होताना लागते.

यंत्र अचानक बंद पडणे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ट्रिप होणे, याचा अर्थ चालकशक्ती एका क्षणात नाहीशी होणे. विजेच्या मोटारीचा पुरवठा तुटला की फिरविणारा जोर त्याच क्षणी शून्य होतो. बाष्प टर्बाईनची वाफ किंवा गॅस टर्बाईनचे इंधन तोडले तर थोडा शेष जोर क्षणभर उरतो, एवढाच फरक. कॉम्प्रेसर मात्र वायू दाबण्याचे काम चालूच ठेवतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा आता केवळ फिरत्या भागांत साठलेल्या गतिज ऊर्जेतून घेतो. मोठ्या यंत्राची शक्ती त्याच्या फिरत्या वस्तुमानाच्या मानाने इतकी जास्त असते की पहिल्या एका सेकंदातच गती वीस ते तीस टक्क्यांनी उतरू शकते. येथे एक नियम निर्णायक ठरतो: यंत्रातून जाणारा प्रवाह गतीच्या प्रमाणात घटतो, परंतु त्याची दाब पेलण्याची कुवत, जिला हेड म्हणतात आणि जी प्रत्येक किलो वायूवर केलेल्या कामाने मोजली जाते, ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. गती ऐंशी टक्के उरली तर हेड चौसष्ट टक्के उरते. गती सत्तर टक्के झाली तर निम्म्याहूनही कमी.

आकड्यांत मांडले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. वीस बार दाबाचा, मुख्यतः मिथेन असलेला वायू घेऊन तो साठ बारला सोडणारा एक कॉम्प्रेसर कल्पावा. गती ऐंशी टक्क्यांवर आली असता, प्रवेशाचा दाब तोच राहिला असे धरून, ढोबळ हिशेबाने हे यंत्र जास्तीत जास्त पंचेचाळीस बारच्या आसपासचा दाबच पेलू शकेल. म्हणजे सर्ज टाळायचा असेल तर यंत्राच्या तोंडाशी असलेल्या पाइपातील दाब त्याच एका सेकंदात साठवरून पंचेचाळीसपर्यंत उतरला पाहिजे. त्या तोंडाशी कोंडलेली जागा दहा घनमीटरची असेल तर तीत तीनशे किलोच्या आसपास वायू असतो आणि त्यातील साठ ते पंचाहत्तर किलो वायू सेकंदाभरात बाहेर पडावा लागतो. शिवाय या सेकंदात कॉम्प्रेसर स्वतः जो वायू आत ढकलत असतो, तोही त्याच वाटेने काढावा लागतो. जागा चाळीस घनमीटरची असेल तर हाच आकडा चौपट होतो आणि तेवढी वाट देऊ शकणारा व्हॉल्व्ह व्यवहारात बसविणे अवघड होऊन बसते. नियंत्रण कक्षातील कितीही सावध कर्मचाऱ्याचा हात या सेकंदात पोहोचत नाही. बंद होताना सर्ज होईल की नाही, याचा निकाल पाइपांचा आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर, यंत्र बसण्याच्या कित्येक महिने आधीच लागलेला असतो.

म्हणून या प्रश्नात पहिले लक्ष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या जागेकडे द्यावे लागते. पुढच्या वाहिनीत किलोमीटरगणती वायू साठलेला असतो. तो सगळा यंत्राकडे परतू नये म्हणून परतवाहिनीचा फाटा जेथे निघतो त्याच्या लगेच पुढे, यंत्राच्या शक्य तितक्या जवळ, हा व्हॉल्व्ह बसविला पाहिजे. पाइपांची मांडणी नीटनेटकी दिसावी किंवा देखभालीला जागा मिळावी म्हणून तो पंधरावीस मीटर पुढे सरकविला, तर तेवढ्या पाइपाचे घनफळ सर्जच्या बाजूला जमा होते. दुसरे लक्ष शीतकाकडे. निकासाचा शीतक हे एक मोठे पात्र असते आणि परतवाहिनीचा फाटा शीतकाच्या पुढून काढला तर शीतकाचे सारे घनफळ कोंडलेल्या जागेत मोजावे लागते. फाटा शीतकाच्या आधी काढला तर जागा लहान राहते, पण मग फिरणारा वायू थंड होत नाही आणि यंत्र चालू असताना तो सतत फिरविता येत नाही. या पेचातून जो मार्ग रूढ झाला आहे तो दोन वाहिन्यांचा आहे: शीतकातून जाणारी एक, जी रोजच्या नियंत्रणासाठी वापरली जाते, आणि शीतक टाळून थेट निकासापासून प्रवेशाकडे जाणारी आखूड, गरम वायूची दुसरी, जी केवळ ट्रिपच्या वेळी पूर्ण उघडते. हा मार्ग खर्चाचा आहे आणि प्रत्येक यंत्राला तो लागतोच असे नाही; फिरते भाग जड असतील, दाबाचे गुणोत्तर कमी असेल आणि कोंडलेली जागा लहान असेल तर एका वाहिनीवर भागते. तथापि ते भागते की नाही हे अंदाजाने नव्हे, तर गती, दाब आणि प्रवाह यांचा क्षणाक्षणाचा संगणकीय हिशेब करूनच ठरवावयाचे असते, आणि तोही पाइपांची खरेदी होण्यापूर्वी.

व्हॉल्व्हकडून जी अपेक्षा असते तीही परस्परविरोधी आहे. रोजच्या कामात त्याने टक्क्या-दोन टक्क्यांनी उघडून प्रवाह बारकाईने सांभाळावा, आणि ट्रिपच्या वेळी मात्र हाच हातभर व्यासाचा व्हॉल्व्ह एक ते दोन सेकंदांत सताड उघडावा. त्यासाठी तो दाबाच्या हवेने बंद ठेवलेला आणि स्प्रिंगच्या जोराने उघडणारा असा घेतला जातो, म्हणजे हवा गेली, वीज गेली किंवा संदेशाची तार तुटली तरी तो उघडाच होतो. ट्रिपचा संदेश नियंत्रकाच्या आकडेमोडीतून न जाता थेट एका सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे जातो, सोलेनॉइडचा वीजपुरवठा तुटतो आणि कोंडलेली हवा मोठ्या तोंडाने बाहेर पडते. या साखळीत सेकंदाचे दशांश कोठेकोठे हरवतात हे पाहण्यासारखे असते: संदेश पोहोचण्यात, सोलेनॉइड हलण्यात, अरुंद नळीतून हवा निघण्यात आणि व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवरून सुटण्यात. त्यातला एकही दशांश परत मिळत नाही, आणि यंत्राची गती तेवढ्या वेळात उतरतच असते. गॅस टर्बाईनवर चालणाऱ्या यंत्रांत इंधन तोडणे क्षणभर लांबवून व्हॉल्व्हला आघाडी देण्याची युक्ती काही ठिकाणी वापरली जाते. परंतु वायुगळती किंवा आग हे ट्रिपचे कारण असेल तेव्हा ती वापरणे योग्य ठरत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून आराखड्यातील उणीव झाकणे धोक्याचे आहे.

ठरवून बंद करताना ही घाई नसते आणि क्रम पाळला तर सर्जचे कारणही उरत नाही. आधी परतवाहिनी हळूहळू पूर्ण उघडून यंत्राचा वायू त्याच्याचभोवती फिरता केला जातो, मग पुढचा मुख्य व्हॉल्व्ह बंद होतो, दाबातील फरक उतरल्यावर गती कमी केली जाते आणि अखेरीस चालकशक्ती तोडली जाते. या क्रमातली कोणतीही पायरी गाळली की ठरवून केलेले बंद होणेही ट्रिपइतकेच कठोर होते.

परळीच्या पंख्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर त्यांची अडचण थोड्या निराळ्या रूपात दिसते. २५० मेगावॅटच्या संचांत सामान्यतः आढळणाऱ्या अक्षीय पंख्यांची गती स्थिर असते आणि हवेचे प्रमाण पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलून राखले जाते. पीए फॅनची हवा सगळ्या कोळसा गिरण्यांना एका सामाईक वाहिनीतून वाटली जाते. चालू असलेल्या चार-पाच गिरण्यांपैकी एखादी अचानक बंद पडली आणि तिच्या हवेचे दरवाजे मिटले, तर पंख्यांतून जाणारी हवा एकदम घटते, वाहिनीतील दाब चढतो आणि पंखा स्टॉलच्या सीमेकडे ढकलला जातो. म्हणूनच भट्टीतील ज्योत विझल्यासारख्या कारणाने सर्व इंधन एकदम तोडले जाते तेव्हा गिरण्यांबरोबर पीए फॅनही बंद होतील अशी आंतरबंधने, ज्यांना इंटरलॉक म्हणतात, घातलेली असतात; जाण्याला वाट नसलेल्या हवेवर पंखा चालत राहणे कोणाच्याच हिताचे नसते.

याहून नाजूक प्रसंग जोडीतला एकच पंखा बंद करण्याचा. दोन पंखे एकाच वाहिनीत हवा सोडत असतात. त्यांपैकी एकाचा पिच कमी करत नेला की त्याची हवा घटते, पण वाहिनीतील दाब दुसऱ्या पंख्याने टिकवून धरलेला असतो, आणि त्यामुळे बंद होत असलेल्या पंख्याचा कार्यबिंदू सरळ स्टॉलच्या रेषेवर जाऊन आदळतो. अनुभवी चालक म्हणून आधी संचाचा भार उतरवितो, वाहिनीतील दाब खाली आणतो, आणि मगच एका पंख्याचा पिच मिटवून त्याचा निकासाचा डँपर बंद करतो. पंखा आपोआप ट्रिप झाला तर हा अवसर मिळत नाही. डँपर मिटायला जो वेळ लागतो त्यात चालू पंख्याची हवा थांबलेल्या पंख्यातून मागे वाहते आणि त्याला उलटा फिरवू शकते. थांबलेला पंखा पुन्हा जोडीत घेतानाही हाच नियम उलट बाजूने लागू होतो: वाहिनीतील दाब येणाऱ्या पंख्याच्या स्टॉल रेषेतील सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा जास्त असेल, तर तो पंखा कितीही पिच दिला तरी हवा ढकलू शकत नाही, नुसता गुरगुरत राहतो. आवरणाच्या आत बसविलेला स्टॉल प्रोब दाबातील असा बिघाड ओळखून धोक्याची सूचना देतो. ती सूचना आल्यावर पिच वाढविण्याचा मोह होतो आणि नेमके तेच करावयाचे नसते, पिच कमी करावयाचा असतो.

परळीला बंद होण्याचा सराव दुर्दैवाने पुष्कळ घडला आहे. गोदावरीवरील खडका बंधारा आणि माजलगाव धरण यांच्या पाण्यावर अवलंबून असलेले हे केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे संपूर्ण बंद ठेवावे लागले, आणि २०१५ मध्येही पाण्याअभावी तीच वेळ आली. असे बंद होणे ठरवून केलेले असते, भार पायरीपायरीने उतरतो आणि पंख्यांना त्याचा त्रास होत नाही.

ज्या वायू कॉम्प्रेसरांच्या बाबतीत हा विषय प्राणावर बेततो ते महाराष्ट्रात पश्चिम किनाऱ्यावर आहेत. १९७४ मध्ये सापडलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या मुंबई हायच्या समुद्री मंचांवर तेलाबरोबर निघणारा वायू दाबून समुद्रतळावरील वाहिनीने उरणला पाठविला जातो. मंचावर जागा अत्यंत अपुरी असल्याने तेथे पाइप आखूड राहतात, ही सर्जच्या दृष्टीने एक अनपेक्षित सोय आहे, मात्र पुढच्या लांबच लांब वाहिनीतील साठा इतका प्रचंड असतो की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असला तर ही सोय व्यर्थ ठरते. उरणच्याच गॅस टर्बाईन वीज केंद्रात सर्जचा धोका टर्बाईनच्या स्वतःच्या अक्षीय कॉम्प्रेसरला असतो. तेथे यंत्र सुरू होताना आणि बंद होताना मधल्या टप्प्यांतील हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लीड झडपा उघडल्या जातात, कारण कमी गतीवर पुढच्या रांगा जेवढी हवा आत घेतात तेवढी मागच्या रांगांना पुढे नेता येत नाही. अलिबाग तालुक्यातील थळ येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत प्रकल्पासारख्या ठिकाणी अमोनियासाठी हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे तीनास एक मिश्रण दाबावे लागते. हे मिश्रण नैसर्गिक वायूच्या निम्म्याइतकेच जड असते, आणि वायू जितका हलका तितके त्याच दाबवाढीसाठी जास्त हेड, म्हणजे जास्त टप्पे आणि जास्त गती लागते. संयंत्र सुरू किंवा बंद करताना यंत्रात शुद्ध नायट्रोजन असला तर वायूचे वजन तिपटीहून अधिक होते आणि एका वायूसाठी आखलेली सर्ज रेषा दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. नियंत्रकाला दिलेली रेषा वायूच्या बदलत्या घनतेचा हिशेब ठेवणारी नसेल तर तो शांतपणे चुकीच्या जागी राखण करत बसतो.

बंद झालेल्या यंत्रात परतवाहिनी उघडी असल्याने निकासाचा आणि प्रवेशाचा दाब काही वेळात सारखा होतो, आणि हा सारखा झालेला दाब प्रवेशाच्या नेहमीच्या दाबापेक्षा जास्त असतो. प्रवेशाकडील पात्रे, पाइप आणि आसाभोवतीची सील्स हा दाब सोसण्याइतकी मजबूत घेतलेली असावी लागतात, कारण सर्जपासून वाचविण्यासाठी उघडलेली वाट अशक्त पात्रावर भार टाकणारी ठरली तर एक दोष दुसऱ्याच्या बदल्यात घेतल्यासारखे होते. आराखड्यात या गोष्टी साधल्या तरी एक काम दरवर्षी उरतेच. अँटी-सर्ज व्हॉल्व्ह महिनोन्महिने बंद अवस्थेत राहतो, त्याच्या बैठकीवर मळ धरतो, हवेच्या नळीतील गाळणी तुंबते, आणि नियंत्रण कक्षातील पडद्यावर तो तरीही ठणठणीत दिसतो. वार्षिक देखभालीच्या वेळी ट्रिपचा खरा संदेश देऊन तो किती वेळात पूर्ण उघडतो हे घड्याळ लावून मोजणे आणि आकडा मागील वर्षाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे. आराखड्यात दोन सेकंद धरलेला व्हॉल्व्ह चार सेकंद घेत असल्याचे कळण्याचा यंत्र बंद पडण्यापूर्वीचा तोच एक प्रसंग असतो, आणि देखभालीचे वेळापत्रक आखताना तो अर्धा तास कधीही कापू नये.